आवड आणि निवाडा : सुपरहिरोंचे चाहते आणि चित्रपटसमीक्षक

एखादा चित्रपट आवडला असे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. तिकीट काढणारा प्रत्येक प्रेक्षक आपल्या आनंदाचा धनी असतो. असे असूनही सुपरहिरोंच्या भव्य चित्रपटांबाबत एक गोष्ट गेल्या काही वर्षांत वारंवार घडत आली आहे. समीक्षकांनी चित्रपट नापसंत केला की त्या नायकाचे चाहते दुखावतात, समीक्षकांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतात आणि त्यांतले काही जण शिवीगाळ-धमक्यांपर्यंत जातात. पुष्कळदा हे सारे चित्रपट पाहण्याच्या आधीच घडते. उथळ उत्साह म्हणून या वागण्याची बोळवण करणे सोपे आहे; पण त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना आणि खरा प्रश्न आहे. प्रेम आणि मूल्यनिर्णय यांचा संबंध काय? आपल्याला जे प्रिय आहे ते इतरांनीही थोर मानावे ही अपेक्षा कुठून येते, आणि ती कितपत योग्य आहे?

वादाचे स्वरूप

या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे झॅक स्नायडर दिग्दर्शित ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस’. हा चित्रपट २५ मार्च २०१६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी जन्माला घातलेला सुपरमॅन आणि त्याच्या पुढच्याच वर्षी बॉब केन व बिल फिंगर यांनी घडवलेला बॅटमॅन हे दोघे खऱ्या नटांच्या रूपात मोठ्या पडद्यावर प्रथमच समोरासमोर येणार होते. कॉमिक्सवर वाढलेल्या अनेक पिढ्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती. प्रत्यक्षात समीक्षकांनी कथेतील विस्कळीतपणा, अंधारी मांडणी आणि दोन नायकांमधले वैर ज्या घाईने मिटते ती घाई यांवर सडकून टीका केली. परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या अमेरिकी सेवेवर चित्रपटाची टक्केवारी ३० च्या खाली गेली. चित्रपटाने जगभरात सुमारे ८७ कोटी डॉलर कमावले खरे, पण अमेरिकेत दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याची कमाई पहिल्याच्या तुलनेत जवळजवळ ६९ टक्क्यांनी घसरली. समीक्षक सामान्य प्रेक्षकांपासून तुटले आहेत असे म्हणणाऱ्यांना पहिला आकडा उपयोगी पडला, आणि समीक्षक बरोबरच होते असे म्हणणाऱ्यांना दुसरा.

हा प्रकार नवा नव्हता. जुलै २०१२ मध्ये ‘द डार्क नाइट राइझेस’ची पहिली प्रतिकूल परीक्षणे आली तेव्हा समीक्षकांना इतक्या धमक्या मिळाल्या की ‘रॉटन टोमॅटोज’ला परीक्षणांखालचे वाचकांचे अभिप्राय बंद करावे लागले. धमक्या देणाऱ्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलेलाच नव्हता. तो अजून लागायचा होता. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुइसाइड स्क्वॉड’वर टीका झाली, तेव्हा ती सेवाच बंद करावी अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याच्याविरुद्ध नकारात्मक मतांचा पूर आला. तेव्हा ‘रॉटन टोमॅटोज’वरची प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांची उत्सुकता टक्क्यांत मोजण्याची सोय काढून टाकण्यात आली. या शेवटच्या प्रकरणात रागाचा रोख समीक्षकांवर नव्हता. तो चित्रपटावर आणि त्याच्या नायिकेवर होता. मूळ वृत्ती मात्र तीच होती : अनुभव येण्याआधीच निकाल जाहीर करायचा आणि तो इतरांकडून मान्य करून घ्यायचा.

पवित्र आणि परके

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १९१२ च्या आपल्या ग्रंथात धर्माचे मूळ पवित्र आणि सामान्य यांच्या विभागणीत शोधले. त्याच्या मते पवित्र वस्तू समाज वेगळी काढून ठेवतो आणि तिच्याभोवती निषेधांचे कुंपण घालतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कुळांचा विचार करताना त्याने दाखवले की कुळाचे दैवत असलेल्या प्राण्यापेक्षा त्या प्राण्याचे कोरलेले चिन्ह अधिक पवित्र मानले जाते, कारण कुळ स्वतःला त्या चिन्हात पाहते. चिन्हाचा अपमान हा म्हणूनच कुळाचा अपमान ठरतो. छातीवरचे वटवाघूळ किंवा ‘एस’ हे अक्षर चाहत्यांच्या समुदायात जवळपास हेच काम करते. त्या चिन्हाखाली परस्परांना अनोळखी असलेली लाखो माणसे एकत्र येतात, सारखे कपडे घालतात, मध्यरात्रीच्या पहिल्या खेळाला एकत्र टाळ्या वाजवतात. एकटेपणात काढलेल्या लहानपणी कित्येकांना याच नायकांनी धीर दिलेला असतो. अशा माणसाला चित्रपटावरची टीका दोन-अडीच तासांच्या एका कलाकृतीवरची टीका वाटत नाही. आपल्या आयुष्याचा एक जपलेला कोपरा कोणीतरी पायदळी तुडवला असे त्याला वाटते.

सुपरमॅनच्या बाबतीत धर्माशी असलेले हे साम्य चित्रपटकर्त्यांनीच पुढे आणले होते. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये नायकाचे वय ३३ आहे, आणि चर्चमधल्या प्रसंगात त्याच्या मागे प्रार्थना करणाऱ्या येशूचे काचचित्र दिसते. त्या वेळी स्टुडिओने ख्रिस्ती धर्मगुरूंना खास खेळांना बोलावले आणि चित्रपटावर आधारित प्रवचनाची टिपणेही पुरवली. २०१६ चा चित्रपट तर गुड फ्रायडेच्या दिवशीच लागला. त्याच्या अखेरीस सुपरमॅन इतरांसाठी प्राण देतो आणि शवपेटीवरची माती हलताना दाखवून त्याच्या पुनरुत्थानाची चाहूल दिली जाते. चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्नही धर्मशास्त्रातलाच आहे. खलनायक लेक्स लूथर विचारतो तो पेच ईश्वरवादाला प्राचीन काळापासून छळत आला आहे : जो सर्वशक्तिमान आहे तो पूर्णपणे चांगला असेल, तर जगात दुःख का? सुपरमॅनच्या पुतळ्यावर तो खोटा देव असल्याचे रंगवले जाते, त्याच्या कृत्यांवर संसदीय सुनावणी होते. सर्वांच्या वर असलेल्या शक्तीनेही माणसांच्या प्रश्नांना उत्तर दिले पाहिजे, हा या कथेचा गाभा आहे. त्या चित्रपटाला मात्र कोणी प्रश्न विचारू नयेत अशी अपेक्षा ठेवणे त्याच्याच आशयाशी विसंगत ठरते.

चाहता आंधळा असतो, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. ‘मॅन ऑफ स्टील’च्या शेवटी सुपरमॅन आपल्या शत्रूची मान मोडतो, याचा सर्वांत तीव्र निषेध सुपरमॅनच्याच जुन्या वाचकांनी केला. २०१६ चा बॅटमॅन सहज माणसे मारतो, हा आक्षेपही चाहत्यांमधूनच आला, कारण बॅटमॅन जीव घेत नाही हा त्याच्या कथेतला जुना नियम त्यांना पाठ होता. महाराष्ट्रातल्या वारकरी परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. नामदेव, जनाबाई आणि तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, त्याच्यावर रुसतात, आणि त्या भांडणाने भक्तीला उणेपणा येत नाही. प्रेमाच्या आत दोष दाखवण्याला जागा असते. चाहत्यांचा संताप होतो तो दोष दाखवला म्हणून होतो असे नाही. दोष दाखवणारा बाहेरचा आहे, असे वाटले की तो होतो. घरातल्याने बोललेले चालते, परक्याने बोललेले चालत नाही. म्हणून वादाचा खरा प्रश्न असा आहे : कलाकृतीबद्दल बोलण्याचा अधिकार प्रेमाने मिळतो, की आणखी कशाने?

हेतूंवरचा संशय

परक्याचा निर्णय नाकारण्याचा पहिला मार्ग म्हणजे त्याच्या हेतूंवर बोट ठेवणे. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांची कॉमिक्स काढणाऱ्या डीसीच्या काही चाहत्यांनी असा आरोप केला, की प्रतिस्पर्धी मार्व्हलची मालक असलेली डिस्ने कंपनी समीक्षकांना पैसे चारते. वस्तुस्थिती या आरोपाच्या विरुद्ध दिशेला बोट दाखवते. १९९८ मध्ये सुरू झालेली ‘रॉटन टोमॅटोज’ २०११ पासून वॉर्नर ब्रदर्सच्याच मालकीची होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती फँडँगो या कंपनीकडे गेली, तरी तिच्यात वॉर्नरचा छोटा हिस्सा राहिला. आणि डीसीचे चित्रपट बनवते ती कंपनीही वॉर्नरच. म्हणजे ज्या सेवेवर चित्रपटाची नाचक्की झाली, तिच्यात चित्रपटाच्या निर्मात्यांचीच भागीदारी होती.

या आरोपात तर्काचीही चूक आहे. एखाद्या मताला कारण म्हणून काय सांगितले आहे आणि ते मत कोणत्या ओढीतून आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लाच घेतलेल्या माणसानेही कथेतली भोके बरोबर दाखवली, तर ती भोके राहतातच. निर्मळ मनाच्या माणसाचा युक्तिवाद चुकला, तर तो चुकलेलाच राहतो. हेतू शोधल्याने मताचा इतिहास कळतो, त्याची सत्यता ठरत नाही. शिवाय हे हत्यार दुधारी आहे. आवडीचा चित्रपट पाहण्याआधीच तो उत्तम असल्याचे ठरवणाऱ्याचा हेतू समीक्षकाच्या हेतूहून शुद्ध आहे, असे मानायला कोणताही आधार नाही.

ज्याची त्याची आवड

दुसरा मार्ग अधिक गंभीर आहे. परीक्षण म्हणजे शेवटी एका माणसाचे मत. आवड ज्याची त्याची. तेव्हा समीक्षकाच्या मताला वेगळी किंमत कशाला द्यायची? या युक्तिवादाचे सर्वांत समतोल उत्तर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या निकषावर लिहिलेल्या १७५७ च्या निबंधात मिळते. सौंदर्य वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या भावनेत असते, हे तो मान्य करतो. पण म्हणून सर्व अभिरुची सारख्या ठरतात हे तो मान्य करत नाही. ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली एक गोष्ट तो सांगतो. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातल्या द्राक्षमद्याची पारख करायला सांगितले. एकाला त्यात चामड्याची किंचित चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. सगळ्यांनी त्यांची थट्टा केली. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली सापडली. ह्यूमच्या मते चांगला समीक्षक असाच असतो. सूक्ष्म संवेदना, सराव, अनेक कलाकृतींशी तुलना, पूर्वग्रहांपासून मुक्ती आणि शाबूत विवेक हे त्याचे गुण. त्याला जे जाणवते ते खरोखरच पिंपात असते, इतरांना ते अजून दिसलेले नसते इतकेच.

याच निबंधात ह्यूम आणखी एक गोष्ट सांगतो, आणि चाहत्यांच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. वय आणि स्वभाव यांनुसार माणसाला वेगवेगळे लेखक जवळचे वाटतात. आवडता लेखक आपण मित्र निवडावा तसा निवडतो. या निवडीला तो निरुपद्रवी मानतो आणि तिच्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही असे म्हणतो. अर्थात ह्यूमच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, जवळीक : तिला कारण लागत नाही, आणि तिच्यावर कोणी निवाडा देऊ शकत नाही. दुसरी, मूल्यनिर्णय : त्याला कारणे लागतात, आणि तो चूक ठरू शकतो. ‘बॅटमॅन माझा मित्र आहे’ हे पहिल्या जातीचे विधान. ‘हा चित्रपट उत्तम बांधला आहे’ हे दुसऱ्या जातीचे. मित्राच्या घराची भिंत कललेली आहे असे गवंड्याने सांगितले, तर त्याने मैत्रीचा अपमान होत नाही.

इमॅन्युएल कान्टने १७९० मध्ये हा भेद अधिक काटेकोर केला. एखादे मद्य आपल्याला रुचते असे म्हणणारा माणूस फक्त स्वतःपुरते बोलतो. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणणारा सर्वांच्या वतीने बोलतो. इतरांनीही सहमत व्हावे अशी मागणी त्या शब्दातच असते. तरी ही मागणी पुराव्याने वसूल करता येत नाही. शंभर जणांनी एखाद्या कवितेची स्तुती केली तरी ज्याला ती भावली नाही त्याच्या अंतःकरणाची संमती मिळत नाही, असे कान्ट बजावतो. सौंदर्यनिर्णय असा दुहेरी असतो : तो सर्वांची संमती मागतो, आणि कोणावरही संमतीची सक्ती करू शकत नाही.

या भेदाच्या प्रकाशात चाहत्याची अडचण स्पष्ट होते. आवड ज्याची त्याची असेल, तर समीक्षकाची नावडही त्याचीच, आणि तिच्यावर रागावण्याचे कारण उरत नाही. उलट राग येत असेल, तर चित्रपट खरोखरच चांगला आहे आणि समीक्षकाने ते ओळखायला हवे होते, असा दावा त्या रागात आहे. मग तो दावा कारणांनी सिद्ध करण्याची जबाबदारी येते. ज्याची त्याची आवड म्हणायचे आणि त्याच वेळी समीक्षक चुकला असेही म्हणायचे, हे एकत्र जमत नाही. चाहत्याचा संतापच कबूल करतो की कलेतला निर्णय केवळ खासगी नसतो. या अर्थाने तो संताप समीक्षेचे महत्त्व नाकारत नाही, उलट मान्य करतो.

टक्केवारी म्हणजे निर्णय नव्हे

वादाला आजचे तीव्र रूप येण्यात आकड्याचा वाटा मोठा आहे. ‘रॉटन टोमॅटोज’ प्रत्येक परीक्षण अनुकूल किंवा प्रतिकूल या दोनच खान्यांत टाकते आणि अनुकूल परीक्षणांचे प्रमाण दाखवते. ते ६० टक्के किंवा अधिक असले तर ताजा टोमॅटो, कमी असले तर फुटलेला. या पद्धतीत, सर्व समीक्षकांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपट १०० टक्के मिळवू शकतो. आणि निम्म्या समीक्षकांना अद्वितीय, निम्म्यांना असह्य वाटलेला धाडसी चित्रपट ५० वर राहून नापास ठरतो. आकडा सहमतीचा विस्तार सांगतो, तिची खोली सांगत नाही. आणि कारणे तर मुळीच सांगत नाही.

परीक्षणाचा प्राण त्याच्या कारणांत असतो. अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल याने २००९ च्या आपल्या पुस्तकात समीक्षेची व्याख्याच कारणांवर आधारलेले मूल्यमापन अशी केली आहे. कारण वाचले की त्याला उत्तर देता येते : तो प्रसंग पुन्हा पाहा, तो धागा पुढे असा जुळतो, असे म्हणता येते. आकड्याला उत्तर देता येत नाही, त्याला फक्त दुसऱ्या आकड्याने हरवता येते. म्हणून आकड्यांच्या जगात समीक्षा हा संवाद राहत नाही, ती निवडणूक होते. आणि निवडणुकीत समोरचा माणूस विचार करणारा सोबती न राहता प्रतिस्पर्धी पक्षाचा मतदार होतो. प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात प्रेक्षागृहातील आरडाओरड्याने कलेचा निकाल लागू लागला, तर नगराची काय गत होते, याची चिंता केली होती. त्याचा उपाय मूठभर जाणत्यांच्या हाती अधिकार देण्याचा होता, आणि तो आज कोणाला पटणार नाही. पण त्याचे निदान बरोबर होते : आवाजाचा आकार हे कारण नव्हे. चाहत्यांच्या गर्जनेला हे जसे लागू आहे तसेच समीक्षकांच्या टक्केवारीलाही.

नाट्यशास्त्रातील प्रेक्षक

भारतीय परंपरेने या प्रश्नाची सुरुवातच एका रागावलेल्या प्रेक्षकवर्गापासून केली आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथेनुसार पहिले नाटक इंद्राच्या ध्वजमहोत्सवात झाले आणि त्यात देवांनी दैत्यांचा केलेला पराभव दाखवला होता. प्रेक्षकांत बसलेले दैत्य संतापले, आणि विघ्नांना हाताशी धरून त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवली. इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांना झोडपले. पण कथा इंद्राच्या दंडावर थांबत नाही. पुढे ब्रह्मदेव दैत्यांना सामोपचाराने समजावतो की नाट्य कोणा एका पक्षाचे नसते. त्यात तिन्ही लोकांच्या भावांचे दर्शन असते. नाट्यगृहाला दंडाचे रक्षण लागते, पण प्रेक्षकाचे मन वळते ते समजुतीने, हा या कथेतला विवेक आहे.

त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाचा विचार आहे, आणि तिथे प्रेक्षक व परीक्षक या दोघांनाही जागा आहे. पात्राच्या आनंदाने आनंदणारा आणि शोकाने शोकाकुल होणारा तो खरा प्रेक्षक, असे ग्रंथकर्ता भरत सांगतो. वय आणि वृत्ती यांनुसार आवडी बदलतात, शूरांना युद्धाचे आणि रौद्राचे प्रसंग रुचतात, हेही तो नोंदवतो. सारे गुण एकाच प्रेक्षकात सापडत नाहीत, याचीही त्याला जाण आहे. मात्र प्रयोगाबद्दल वाद उपस्थित झाला, तर निर्णयासाठी तो प्राश्निकांकडे, म्हणजे परीक्षकांकडे, जायला सांगतो. यज्ञाचा जाणकार यज्ञाच्या प्रसंगाबद्दल, धनुर्विद्येचा जाणकार शस्त्रांच्या हालचालीबद्दल, छंदाचा जाणकार वृत्ताबद्दल, व्याकरणाचा जाणकार भाषेबद्दल बोलतो. म्हणजे तन्मयता आणि तज्ज्ञता या दोन्ही रंगभूमीला हव्या आहेत, आणि एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

काश्मीरचा अभिनवगुप्त दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात या विचाराला आणखी खोलात नेतो. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने सांगितली आहेत. त्यांतले एक चाहत्याच्या मनःस्थितीचे नेमके वर्णन आहे. प्रेक्षकाने रंगमंचावरचा भाव केवळ स्वतःचा मानला, की तो हरवेल याची भीती, तो जपून ठेवण्याची धडपड, तसाच आणखी मिळवण्याची हाव, तो जगाला सांगण्याची घाई अशा दुसऱ्याच वृत्ती मनात उठतात आणि रसाला जागा उरत नाही. रस हवा तर भाव साधारण व्हावा लागतो : माझा नव्हे, शत्रूचा नव्हे, त्रयस्थाचाही नव्हे, माणसाचा. या दृष्टीने पाहता चित्रपट येण्यापूर्वीच त्याचे रक्षण करायला निघालेला चाहता सर्वांत मोठे नुकसान स्वतःचे करतो. ज्या अनुभवासाठी त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याच्या दारात तो पहारेकरी होऊन उभा राहतो, आणि पहारेकऱ्याला आतला खेळ दिसत नाही.

हेच विघ्न समीक्षकालाही ग्रासू शकते. चित्रपट सुपरहिरोचा आहे एवढ्यावरून ज्याचे मन मिटते, तोही स्वतःच्या प्रतिष्ठेला जपत बसलेला असतो.

समीक्षकाचे ऋण

चाहत्यांच्या तक्रारीत एक न्याय्य भाग आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. कलाकृती ज्या जातीची आहे त्या जातीचे हेतू समजून न घेता तिला मोजणे अन्यायाचे आहे. ह्यूमनेही समीक्षकाकडून हीच अपेक्षा केली होती : कृती ज्या श्रोत्यांसाठी आहे त्यांच्या जागी त्याने स्वतःला नेऊन बसवावे. सुपरहिरोकथेत माणसे उडतात, मेलेले परत येतात, बऱ्या-वाइटाची लढाई शहराच्या आकाशात होते. पुराणकथेला जी मोकळीक आपण देतो ती इथे नाकारण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी याने मार्व्हलच्या चित्रपटांना सिनेमा म्हणायला नकार दिला आणि त्यांची तुलना मनोरंजन उद्यानांशी केली. नंतर लेख लिहून त्याने आपली कारणे मांडली : या चित्रपटांत जोखीम नाही, सारे आधीच चाचपून पाहिलेले असते. त्याचे मत पटो वा न पटो, कारणे मांडण्याचे कर्तव्य त्याने पाळले. ज्या परीक्षणात कारणाऐवजी तुच्छता असते, ते परीक्षण चाहत्याच्या शिवीपेक्षा वेगळ्या जातीचे नसते.

मराठी सौंदर्यविचारात रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा सविस्तर विचार केला. एक कलेला जगण्याच्या गरजांशी जोडते, दुसरी तिला त्यांपासून अलग ठेवते. चाहते आणि समीक्षक यांचा वाद याच दोन टोकांमध्ये हेलकावतो. नायकाने आपल्याला जगायला काय दिले हे चाहता सांगतो. कृती म्हणून चित्रपट कसा उभा आहे हे समीक्षक सांगतो. दोघांचे बोलणे खरे असू शकते, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. चित्रपटाची पूर्ण समज मात्र दोन्ही उत्तरे ऐकणाऱ्यालाच येते.

सक्तीची स्तुती

चाहत्याला शेवटी हवे असते ते काय? पैसा निर्मात्यांना मिळतो, पुरस्कार कलावंतांना. चाहत्याला हवी असते मान्यता : आपण ज्यावर प्रेम केले ते प्रेमाला पात्र होते, हे कोणीतरी जाणत्याने म्हणावे. ही इच्छा माणसाला शोभणारी आहे, तिची कुचेष्टा करू नये. पण ती पूर्ण होण्याची एक अट आहे, आणि हेगेलने १८०७ मध्ये धनी आणि दास यांच्या प्रसिद्ध विवेचनात ती उलगडली. दासाकडून मिळालेली मान्यता धन्याला तृप्त करू शकत नाही, कारण नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य ज्याला नाही त्याच्या होकाराला किंमत नसते. धमकीने बदललेले परीक्षण, आधीच ठरलेली स्तुती, बंद पाडलेली टीका यांतून चाहत्याला हवे ते कधीच मिळणार नाही. समीक्षक नापसंत करू शकतो, म्हणूनच त्याची पसंती मोलाची असते. जो चाहता त्याचे हे स्वातंत्र्य हिरावतो, तो ज्या सन्मानासाठी लढतो त्याचेच मोल घालवतो.

धर्माच्या क्षेत्रातही हाच न्याय लागतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना निंदा आणि स्तुती ज्याला समान वाटतात, ज्याच्यापासून लोकांना त्रास होत नाही आणि ज्याला लोकांचा त्रास वाटत नाही, अशा माणसाचे वर्णन येते. जी श्रद्धा इतरांच्या नकाराने डळमळते तिला आधार आराध्याचा नसून गर्दीचा असतो. आणि जे आराध्य टीकेने लहान होते ते मुळात तेवढेच होते.

प्रेमाला दुसरा, सकस मार्गही असतो, आणि तो याच चित्रपटांच्या इतिहासात दिसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ची सुमारे तीन तासांची विस्तारित आवृत्ती आली. चित्रपटगृहांतल्या आवृत्तीत तुटलेले कोणते धागे तिच्यात जुळतात, हे चाहत्यांनी प्रसंगागणिक दाखवून दिले. ती समीक्षाच होती, आणि चांगली समीक्षा होती. पुढे २०१७ चा ‘जस्टिस लीग’ मुलीच्या निधनानंतर स्नायडरला अर्ध्यावर सोडावा लागला आणि दुसऱ्याच्या हातून पुरा झाला, तेव्हा त्याची मूळ आवृत्ती मिळावी म्हणून चाहत्यांनी दीर्घ मोहीम चालवली. मार्च २०२१ मध्ये ती चार तासांची आवृत्ती प्रदर्शित झाली, आणि समीक्षकांनी तिचे आधीच्या आवृत्तीपेक्षा बरेच चांगले स्वागत केले. त्या मोहिमेत आत्महत्या रोखण्याच्या कार्यासाठी पाच लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. त्याच मोहिमेच्या नावाने काहींनी विरोधकांना छळलेही. एकाच प्रेमातून ही दोन्ही फळे आली, यावरून चाहत्याच्या हाती किती निवड असते ते कळते.

आवडीला पुरावा लागत नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या पुराव्याने हरत नाही. निवाड्याला कारणे लागतात, आणि म्हणूनच तो कोणालाही खुला असतो, चाहत्यालासुद्धा. समीक्षकाशी मतभेद झालेल्या चाहत्यासमोर दोन प्रामाणिक वाटा आहेत : आपले प्रेम निश्चिंतपणे जपावे, किंवा कारणे घेऊन वादात उतरावे आणि समोरच्याचीही कारणे ऐकावीत. दोन्ही वाटांवर तो एकाच वेळी चालू शकतो. राग आणि धमकी यांची तिसरी वाट प्रेमाकडेही जात नाही आणि सत्याकडेही नाही.